सार्वजनिक डॅफोडिल

इंग्लंडात जमिनीत हातभर खड्डा पाडायचा, तर आधी नऊ पानांचा फॉर्म भरावा लागतो. आमच्या पार्कात फुलांचे कंद लावायचे ठरले, तेव्हा आम्हा स्वयंसेवकांच्या हाती पडलेल्या फॉर्मात संभाव्य धोक्यांची यादी होती. खुरप्याने बोट कापणं, कुत्र्याच्या घाणीत हात जाणं, ऊन लागणं (ऑक्टोबरात! लंडनमध्ये!) हे सगळं होतंच, पण सातव्या क्रमांकावर 'वाकणे' असा स्वतंत्र धोका होता आणि आठव्यावर 'वाकल्यानंतर सरळ होणे'. समोरच्या रकान्यात उपाय दिला होता : 'आवश्यक नसल्यास वाकू नये.' कंद उभ्याने कसे लावायचे ते शेवटच्या पानावर असेल म्हणून मी पान उलटलं, तर तिथे सहीची जागा होती. मी मुकाट्याने सही केली. आठव्या क्रमांकाला मात्र मनोमन हात जोडले. चाळिशीनंतरचं हे दुःख कुणी लेखी मान्य केल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आमचं उपनगर लंडनच्या वायव्य कोपऱ्यात. पार्कात दोन झोपाळे, एक बंद पडलेलं कारंजं आणि कुंपण घातलेली बोलिंगची हिरवळ. या हिरवळीवर उन्हाळ्यात पांढऱ्या कपड्यातले म्हातारबुवा जड चेंडू अत्यंत सावकाश घरंगळत सोडतात आणि उरलेलं वर्ष त्या गवतावर कुणी पाऊल ठेवू नये म्हणून पहारा देतात. पार्काचं एक मित्रमंडळही आहे. आपल्याकडे मित्रमंडळ म्हटलं की मांडव, वर्गणी आणि स्पीकर. इथे त्यातली फक्त वर्गणी असते. दर शरदात हे मंडळ पार्कात कंद लावतं. लावायचे सप्टेंबर-ऑक्टोबरात, थंडी त्यांनी जमिनीखाली काढायची आणि फूल दिसणार फेब्रुवारी-मार्चात. थंडी नीट लागली नाही तर डॅफोडिल फुलतच नाही. म्हणजे लावणाऱ्याने घाम गाळायचा आणि पुढचे चार-पाच महिने चिखलाकडे भक्तिभावाने पाहत राहायचं. इतकी निष्काम सेवा आपल्याकडे गीतेत सांगितली आहे, पण ती करायला लोक इथे येतात.

अर्थात निष्काम कुणीच नसतं. समन्वयक बाईंना काउन्सिलकडून अनुदान टिकवायचं होतं, त्यासाठी फोटोत किमान वीस माणसं दिसायला हवी होती. एक निवृत्त इंजिनियर होते, त्यांना घरात कुणी कामाला लावत नव्हतं. इंग्रजीच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना वर्ड्‌स्वर्थवर बोलायला श्रोते हवे होते. एक कुत्रावाले गृहस्थ होते, त्यांना कुत्रा हिंडवायचाच होता. मी गेलो, कारण बायकोने माझं नाव दिलं होतं. एकटी माझी आत्या खऱ्या उत्साहाने आली. ती सहा महिन्यांच्या व्हिसावर साताऱ्याहून आली होती, आणि दुसऱ्या महिन्यापासून तिला 'काहीतरी काम दे रे' झालं होतं.

आमच्याकडे गॅरेज असल्यामुळे कंदांची पोती आठवडाभर आमच्याच घरी मुक्कामाला होती. पंचवीस किलोचं, जाळीचं, लाल रंगाचं पोतं. आत्याने एक कंद काढला, अंगठ्याने दाबला, वरचं साल सोललं, हुंगला.

"कांदा घट्ट आहे. पण उग्र नाही. काय भाव पडला?"

"आत्या, हा कांदा नाही. डॅफोडिलचा कंद आहे. विषारी असतो."

"मग घरात कशाला आणलास?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आत्याची चूक म्हणाल, तर तीही नव्हती. २०१५ साली इथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने सुपरमार्केटांना रीतसर पत्र लिहून विनंती केली होती, की डॅफोडिल भाजीपाल्याजवळ ठेवू नका, लोक खातात. एवढ्या प्रगत देशाच्या सरकारला जो घोटाळा होईल असं वाटतं, तो साताऱ्याच्या बाईला झाला तर बिघडलं कुठे? बायकोने मात्र धोका पत्करला नाही. तिने पोत्यावर ठळक मराठीत पाटी लावली : 'भजी करू नयेत.'

लावणीचा रविवार नेमका घड्याळं मागे करायचा निघाला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे इंग्लंडातली घड्याळं एक तास मागे जातात. दरवर्षी जातात, शंभरएक वर्षं जात आली आहेत, तरी दरवर्षी अर्ध्या देशाला ही बातमी त्याच दिवशी कळते. निम्मे स्वयंसेवक तासभर आधी येऊन रिमझिम पावसात उभे होते. मी समन्वयक बाईंना म्हटलं, "आलोच आहोत तर सुरू करू या का?" त्या दचकल्या. "विमा दहापासून आहे," त्या म्हणाल्या. तेव्हा चिखलात खुरपी घेऊन, पिवळीधमक चमकणारी जाकिटं चढवून, बारा-पंधरा माणसं तासभर एकमेकांशी हवामानावर बोलत उभी राहिली. हवामानात बोलण्याजोगा बदल तेवढ्या वेळात झाला नाही, पण ती थांबली नाहीत.

तोंडावर दिवाळी होती. आत्याने फराळाचा डबा उघडला. आता हा प्रसंग गोड व्हायला हवा होता. पण समन्वयक बाईंनी विचारलं, "यात काय काय आहे?" फॉर्ममध्ये ॲलर्जीचंही एक पान होतंच. मी करंजीतलं सारण सांगायला लागलो : खोबरं, खसखस, काजू, बेदाणे. प्रत्येक शब्दाला एकेक हात मागे जात होता. चकलीपाशी पोचेपर्यंत डब्यासमोर फक्त इंजिनियर उरले. त्यांनी चकली उचलून उजेडात धरली, वेढे मोजले आणि "हे साच्यातून काढता की हाताने?" असं अत्यंत आदराने विचारलं. आत्याने तिथेच त्यांना आपला माणूस म्हणून निवडलं.

दहाच्या ठोक्याला विमा लागू झाला आणि समन्वयक बाईंनी प्रात्यक्षिक सुरू केलं. त्यांनी ओंजळभर कंद घेतले आणि पाठमोऱ्या होऊन खांद्यावरून भिरकावून दिले.

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "ही काय अक्षता टाकल्यासारखी लावणी?"

बाईंनी समजावलं, की कंद जिथे पडेल तिथेच लावायचा. मुळीच हलवायचा नाही. म्हणजे फुलं निसर्गात आपोआप उगवल्यासारखी दिसतात. इथल्या बागकामाच्या पुस्तकांत खरोखरच असं लिहिलेलं असतं. निसर्ग दिसावा म्हणून आधी हॉलंडहून चार हजार कंद मागवायचे, ट्रकने आणायचे, मग ते फेकायचे आणि मग निसर्ग दिसतो. मी पाच-सहा कंद फेकले. एक झाडाच्या मुळीवर बसला, एक डांबरी वाटेवर, एक समन्वयक बाईंच्या गमबुटात आणि एक कुत्र्याने तोंडात धरून पळवला. त्यावर मोठा गहजब झाला, कारण कंद विषारी. कुत्रावाले गृहस्थ, "टाक, टाक" करत पार्कभर धावले. 'धावणे' हा धोका यादीत नसल्याचं नंतर लक्षात आलं.

पण खरी पंचाईत पुढे आहे. माणसाला वेडंवाकडं काही करताच येत नाही. फेकलेल्या कंदांकडे पाहता पाहता प्रत्येकाचा हात शिवशिवायला लागला. कुणी हळूच एखादा कंद पायाने सरकवला. कुणी दोन कंदांमधलं अंतर 'जरा' वाढवलं. इंजिनियरांनी खिशातून सुतळी काढली. अर्ध्या तासात त्या पार्काच्या उतारावर, निसर्गाच्या नावाखाली, एक चौकोन, दोन वर्तुळं आणि कुणाच्यातरी नातीच्या नावाचं पहिलं अक्षर तयार झालं. आत्याने तर आडपडदाच ठेवला नाही. तिने सुतळी ताणायला इंजिनियरांना एका टोकाला उभं केलं, दुसरं टोक खुंटीला बांधलं आणि सरळ सरी धरली. हळदीची धरतात तशी. खोली मोजायला तिने पट्टी घेतली नाही. पंजा मनगटापर्यंत आत गेला की पुरे, असा तिचा हिशेब. पुस्तकात लिहिलंय कंदाच्या उंचीच्या तिप्पट. इंजिनियरांनी टेप लावून पाहिला. बरोब्बर पंधरा सेंटिमीटर. त्यांनी टोपी काढली.

माझ्या हाती जे अवजार आलं होतं, त्याचं वर्णन करणं भाग आहे. लांब दांड्याला खाली एक पोकळ नळकांडं. पायाने दाबायचं, फिरवायचं आणि वर ओढायचं, म्हणजे मातीचा गोळा नळकांड्यात येतो आणि खाली गोल खड्डा राहतो. निदान चित्रात तसं दाखवलेलं असतं. पण लंडनची माती म्हणजे चिकणमाती. या गावातली निम्मी घरं याच मातीच्या विटांची आहेत आणि विटा होण्याची इच्छा तिने अजून सोडलेली नाही. पहिला गोळा वर आला तो नळकांड्यातच राहिला. दुसऱ्या खड्ड्यात त्याच्या बुडाशी दुसरा गोळा बसला. मी दांडा आपटला, हलवला, आत काडी घातली. मग नळकांडं डोळ्याला लावून आत पाहिलं. तेवढ्यात पहिला गोळा सुटला. फॉर्ममध्ये हेही नव्हतं.

दुपारी रोटरीचे एक गृहस्थ जांभळ्या क्रोकसचे दीड हजार कंद घेऊन आले. हा इथला मोठा उपक्रम आहे. पोलिओचा डोस दिलेल्या मुलाच्या करंगळीला शाई लावतात, त्या जांभळ्या खुणेची आठवण म्हणून रोटरीवाले गावोगाव जांभळे क्रोकस लावतात. हे ते आम्हाला समजावून सांगू लागले. आत्याकडे वळून, तिला कळावं म्हणून सावकाश आणि जरा मोठ्याने, ते म्हणाले, "भारतातसुद्धा... पोलिओ... होता." आत्याने मान डोलावली. ती सातारा जिल्ह्यात तीस वर्षं आरोग्यसेविका होती. पल्स पोलिओ १९९५ साली सुरू झाला तेव्हापासून निवृत्तीपर्यंत एकही रविवार तिने घरी काढला नव्हता. थंडपेटी खांद्याला लावून ती ऊसतोडीच्या पालांपर्यंत जाऊन आली होती. गृहस्थ सांगत होते, की २०११ च्या जानेवारीत भारतातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओमुक्तीचा दाखला दिला. आत्या ऐकत होती. पंधरा मिनिटांनी तिने मला कोपराने ढोसलं.

"त्यांना सांग, शाई डाव्या करंगळीला लावायची. ह्यांच्या चित्रात उजवी दाखवलीय."

मी सांगितलं. गृहस्थांनी फलक उलटा-सुलटा करून पाहिला. मग ते दिवसभर आत्याच्या मागेपुढे 'मॅडम' म्हणत फिरत होते.

क्रोकस लावताना इंजिनियरांनी खारींचा विषय काढला. डॅफोडिलला खारी तोंड लावत नाहीत, त्यांना सरकारी पत्राची गरज पडत नाही. क्रोकस आणि ट्यूलिप मात्र त्या उकरून खातात, आणि जे खाता येत नाहीत ते दुसरीकडे पुरून विसरतात. या करड्या खारी मूळच्या इथल्या नव्हेत. १८७६ साली कुणा हौशी जमीनदाराने त्या उत्तर अमेरिकेतून आणून सोडल्या आणि त्यांनी इथल्या तांबड्या खारींना जवळजवळ हुसकावून लावलं.

"हे बाहेरून आलेले," कुत्रावाले गृहस्थ तावातावाने म्हणाले, "इथलं सगळं फुकट खातात, पोरांची पलटण वाढवतात आणि..." एवढ्यात त्यांची नजर आमच्यावर गेली. ते लालबुंद झाले. "खारींबद्दल बोलतोय मी!"

"हो, हो, खारींबद्दलच," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

त्यानंतर त्यांनी आत्यासाठी एवढ्यांदा चहा आणला, की शेवटी ती म्हणाली, "अरे, त्या बिचाऱ्याला सांग, मी फेब्रुवारीत परत चाललेय."

खारींवर उपाय म्हणून मिरचीपूड टाकायची असं ठरलं. सस्तन प्राण्यांना तिखट झोंबतं, पक्ष्यांना नाही, हे शास्त्र आहे. समन्वयक बाईंनी सुपरमार्केटमधली एक चिमुकली बाटली काढली. आत्याने तिच्यातली चिमूट जिभेवर ठेवली आणि बाईंकडे कीव येऊन पाहिलं. घरी आमचा कांदा-लसूण मसाला होता, घरी कुटलेला. तो मातीत घालायची कल्पना तिला सहन होईना. पण देशाच्या इज्जतीचाही प्रश्न होता. अखेर कपाटाच्या तळाशी गेल्या वर्षीचा अर्धा डबा सापडला, तो तिने दिला. बाईंनी मूठभर मसाला क्रोकसवर पसरला. वारा होता. ज्याच्या दिशेने वारा होता, तो कुत्रा. त्याने एवढ्या शिंका दिल्या की रोटरीच्या गृहस्थांनी त्याला प्रथमोपचार पेटीतून काय देता येईल ते शोधायला सुरुवात केली. कुत्रावाले गृहस्थ एक शब्दही बोलले नाहीत. बाहेरून आलेल्यांबद्दल बोलायची त्या दिवशी त्यांची प्राज्ञा नव्हती.

खारींचं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने खिडकीतून पाहिलं. एक खार मसाल्यातला कंद दोन्ही हातांत धरून खात होती आणि मधूनच थांबून डोळे मिटत होती. "आवडलाय तिला," आत्या म्हणाली. मला त्यात थोडा अभिमान ऐकू आला.

हिवाळ्यात नेहमीप्रमाणे काहीच घडलं नाही, फक्त एक पाटी लागली : 'इथे कंद आहेत, गवत कापू नये.' फुलं गेल्यावरही पानं सहाएक आठवडे राहू द्यावी लागतात, कारण पुढच्या वर्षीच्या फुलाची शिदोरी पानंच कंदात भरतात. आदल्या वर्षीही अशी पाटी होती. काउन्सिलच्या एका खात्याने ती लावली आणि दुसऱ्या खात्याने गवत कापणारं यंत्र पाठवलं. यंत्रवाला आज्ञाधारक होता. त्याने अख्खा उतार भुईसपाट केला आणि पाटीभोवती मात्र हातभर रुंदीचं गोल रिंगण जसंच्या तसं राखलं.

यंदा मार्चात उतार पिवळा झाला. आणि मग मंडळाच्या त्या निष्काम सेवकांचं खरं रूप दिसलं. चार हजार डॅफोडिल, सगळे त्याच पोत्यांतले, एकाच जातीचे, एकाच उंचीचे. तरी प्रत्येकाला आपापले ओळखू येत होते. "ती तिकडची ठसठशीत आहेत ना, ती माझी." "नाही हो, माझी. मी झाडापासून दुसऱ्या रांगेत होते." ज्यांनी त्या दिवशी फक्त थर्मास धरला होता, त्यांचीही फुलं फुलली होती. रोपांची मालकी सांगताना प्रत्येकजण मध्ये दुसऱ्याचं एखादं फूल पायदळी तुडवत होता. मीही एका जरा वाकड्या डॅफोडिलाजवळ उभा राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. वाकडा असल्यामुळे त्यावर दुसऱ्या कुणी हक्क सांगितला नाही.

शिक्षिकाबाईंना अखेर श्रोते मिळाले. त्यांनी सांगितलं, की १८०२ च्या एप्रिलात अल्सवॉटर तळ्याकाठी वर्ड्‌स्वर्थ डॅफोडिलांतून चालला होता तेव्हा बहीण डोरोथी बरोबर होती. त्या फुलांचं सुरेख वर्णन आधी तिने डायरीत लिहिलं. कवितेत मात्र कवी एकटाच हिंडतो आहे. वर तिच्यातल्या दोन ओळी त्याच्या बायकोने सुचवलेल्या. म्हणजे फुलं देवाची, निरीक्षण बहिणीचं, दोन ओळी बायकोच्या आणि पुतळे कुणाचे? हे ऐकून जमलेल्या सगळ्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं.

आत्याची सरी मात्र वादातीत होती. लांबून, रस्त्यापलीकडूनही दिसत होती : रानोमाळ पसरलेल्या पिवळ्या गर्दीतून गेलेली एक सरळ, निर्दय रेघ. समन्वयक बाई बराच वेळ शब्द शोधत होत्या. "फारच... स्पष्ट आहे," त्या म्हणाल्या. मी फोटो साताऱ्याला पाठवला. संध्याकाळपर्यंत तो भिशीच्या ग्रुपवर 'लंडनच्या राजाच्या बागेत वन्संनी लावलेली फुले' म्हणून फिरत होता.

क्रोकसची कथा निराळी झाली. जिथे लावले होते तिथे ते बोटांवर मोजण्याइतके उगवले. बाकीचे उगवले ते बोलिंगच्या हिरवळीवर. ऐन मध्यावर. खारींनी कुंपणाखालून नेऊन, त्या मऊ, वर्षभर जपलेल्या, कुणी पाऊल न ठेवलेल्या गवतात एकेक कंद पुरला होता आणि मग त्या विसरल्या होत्या. बोलिंग क्लबचं पत्र आलं : 'आपले क्रोकस आमच्या हिरवळीवर आले आहेत. कृपया घेऊन जावेत.'

मंडळाची तातडीची सभा भरली. कालपर्यंत फुलासाठी भांडणारी माणसं आता एकमेकांकडे पाहत होती. "ते आमचेच कशावरून?" इंजिनियर म्हणाले. "सुतळीच्या आत एकही नाही." कोषाध्यक्षांनी भरपाईचा आकडा मनात धरून पाणी प्यायलं. अखेर मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच एकमताने ठराव झाला, की सदर क्रोकस निसर्गतः उगवलेले असून मंडळाचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. तसं उत्तर त्याच संध्याकाळी रवाना झालं.

रोटरीच्या गृहस्थांना मात्र वरच्या कार्यालयाला फोटो पाठवायचा होता, आणि जांभळा रंग फोटोत येईल अशी तेवढी एकच जागा होती. ते परवानगी मागायला क्लबात गेले. क्लबाच्या अध्यक्षांनी त्यांना बूट काढायला लावले. मग करंगळी, शाई, पोलिओ, आणि डावी करंगळी बरं का, हे सगळं ऐकता ऐकता अध्यक्ष विरघळले. दोघे मोज्यांनिशी हिरवळीच्या मध्यावर उभे राहिले.

तो फोटो पुढच्या आठवड्यात आमच्या भागातल्या साप्ताहिकात पहिल्या पानावर छापून आला. वर मथळा होता : 'पोलिओविरुद्ध बोलिंग क्लबचा जांभळा लढा'. अध्यक्षांनी वार्ताहराला सांगितलं होतं, की ही कल्पना क्लबाच्या मनात बरेच दिवस घोळत होती.

मंडळाची दुसरी तातडीची सभा कालच झाली. संपादकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा इंग्रजीच्या शिक्षिकाबाईंनी लिहिला आहे : 'ते सर्व क्रोकस आमचे असून, त्यातील प्रत्येक आम्ही स्वतःच्या हाताने लावला आहे.' त्यावर कुत्रावाल्यांपासून कोषाध्यक्षांपर्यंत सगळ्यांनी सह्या केल्या. आत्याची सही साताऱ्याहून मोबाइलवर मागवली आहे. ती म्हणते, करते. पण आधी पत्रात खारींचंही नाव घाला.